नोकरी सांभाळून मराठीचे पदव्युत्तर अध्ययन : निवडीच्या निकषाचा प्रश्न

मराठी विभागांच्या अभ्यासमंडळांत पदव्युत्तर अभ्यासक्रमाची आखणी होते, तेव्हा सदस्यांच्या डोळ्यांसमोर असलेला विद्यार्थी बहुधा एकाच प्रकारचा असतो. तो नुकताच बी.ए. झालेला असतो, दिवसभर मोकळा असतो आणि महाविद्यालयाच्या आवारात वावरत असतो. या चित्रात न बसणारा दुसरा विद्यार्थीही प्रवेशअर्जांच्या गठ्ठ्यात दरवर्षी असतो. त्याचे वय तीस-पस्तीस असते, नोकरी पक्की असते, घरी मुलांच्या शाळा असतात आणि मराठीत एम.ए. करण्याची इच्छा त्याने कित्येक वर्षे मनात बाळगलेली असते. त्याने कोणता अभ्यासक्रम निवडावा, हा प्रश्न आजवर त्याच्या खासगी सोयीचा मानला गेला. वस्तुतः हा मराठीच्या अध्ययनाचाच प्रश्न आहे आणि त्याचा विचार विभागांनी स्वतःच्या हितासाठी करावयास हवा.

अकोल्याच्या जठारपेठेचे उदाहरण घ्यावे. जठारपेठ, रतनलाल प्लॉट, उमरी हा शहरातील नोकरदारांच्या वस्तीचा पट्टा. शाळाशिक्षक, बँक कर्मचारी, जिल्हा परिषदेतील लिपिक, परिचारिका, तलाठी अशा मंडळींची घरे येथे आहेत. येथे राहणारी, बँकेत काम करणारी एखादी पदवीधर स्त्री मराठीत एम.ए. करावयाचे ठरविते, असे समजावे. तिच्यापुढे वाटा अनेक आहेत. अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या शहरातील महाविद्यालयात ती नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव घालू शकते. सुमारे शंभर किलोमीटरवरील अमरावतीच्या विद्यापीठ परिसरात पदव्युत्तर मराठी विभाग आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, तसेच मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण आहे. अमरावती जिल्ह्यातच मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ अलीकडे स्थापन झाले आहे. ज्या भूमीत लीळाचरित्राची सिद्धता झाली, तेथे मराठीचे स्वतंत्र विद्यापीठ उभे राहावे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु बँकेतून सहा वाजता सुटणाऱ्या स्त्रीस रिद्धपूरचा प्रवास दररोज करता येण्याजोगा नाही.

अशा वेळी सल्ला मिळतो तो ठरलेला असतो. कोठे उपस्थितीची सक्ती कमी, कोठे शुल्क अल्प, कोठे प्रश्नपत्रिका अंदाजातली आणि कोठे दोन वर्षांत पदवी हमखास, या चार मुद्द्यांवर निर्णय होतो. या सल्ल्याची थट्टा करण्याचे कारण नाही. शिक्षकास पदोन्नतीसाठी पदव्युत्तर पदवी लागते. परिचारिकेची पाळी दर आठवड्यास बदलते. गृहिणीपद आणि नोकरी ही दोन्ही कामे करणाऱ्या स्त्रीजवळ वेळ हेच भांडवल असते. सोय ही चैनीची वस्तू नव्हे. दोष आहे तो निराळाच. सोयीचा निकष अभ्यासक्रम विद्यार्थ्याकडून काय मागत नाही, हे मोजतो. तो विद्यार्थ्यास काय देतो, हे मोजत नाही. दोन वर्षांच्या रात्री आणि रविवार खर्ची घालणाऱ्या व्यक्तीस हा दुसरा हिशेब अधिक महत्त्वाचा असावयास हवा.

या निकषाचे मूळ आपल्या विद्यापीठांच्या जन्मकथेतच आहे. 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती रचना होती. पुढच्याच वर्षी, 1858 मध्ये, लंडन विद्यापीठाने कोणत्याही संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्यांसही आपल्या परीक्षा खुल्या केल्या. ज्याला वर्गात बसणे शक्य नाही, त्याला परीक्षेला बसता यावे, या उदार विचारातून पुढे आपल्याकडील 'बहिःस्थ' विद्यार्थी निर्माण झाला. या व्यवस्थेने असंख्य शिक्षकांना आणि स्त्रियांना पदवीचे दार उघडून दिले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र दार उघडणे आणि आत नेऊन बसविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहिःस्थ विद्यार्थ्याच्या वाट्यास अभ्यासक्रमपत्रिका आली, परीक्षा आली, गुणपत्रिका आली. त्याचे लेखन वाचून 'हे विधान कशाच्या आधारे केले?' असे विचारणारा शिक्षक आला नाही. ती रिकामी जागा मार्गदर्शक पुस्तिकांनी भरून काढली. कादंबरीऐवजी कादंबरीचा सारांश आणि कवितेऐवजी कवितेची पाच वैशिष्ट्ये वाचून उत्तीर्ण होण्याची प्रथा आळसातून जन्मली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिचा उगम एकाकीपणात आहे.

नोकरी आणि उच्च अध्ययन ही दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, असा एक समज विद्यापीठीय वर्तुळात आढळतो. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषा मराठी. त्यांनी 1950 च्या दशकात नागपुरात नोकऱ्या करीत असताना नागपूर विद्यापीठाची हिंदीतील एम.ए. पदवी मिळविली आणि 1958 मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले. त्याहून बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना लंडनमधील अध्ययन अर्धवट टाकून परतावे लागले. निघताना त्यांनी एक गोष्ट साधली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली होती. 1918 ते 1920 या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून त्यांनी पैसा साठविला, 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्यांच्या बुद्धिमत्तेची आणि कष्टांची थोरवी सर्वांस ज्ञात आहे. त्या थोरवीबरोबर एक साधी प्रशासकीय बाबही ध्यानात घ्यावी. खंड पडलेला विद्यार्थी परत येऊ शकेल, अशी सोय विद्यापीठाने ठेवली नसती, तर तो अभ्यास तेथे पुरा होणे दुष्कर झाले असते.

ही सोय त्या काळी एका व्यक्तीस अर्ज करून मिळवावी लागली. आज ती निदान नियमांत तरी सर्वांसाठी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये श्रेयांक पेढीचे विनियम केले. त्यांनुसार एका ठिकाणी मिळविलेले श्रेयांक जमा राहतात आणि विहित मर्यादेत पुढे वापरता येतात. आयोगाने 2022 मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. मान्यताप्राप्त संस्थांनी दूरशिक्षणाने वा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी ही प्रत्यक्ष वर्गातील अध्यापनाने मिळालेल्या तत्सम पदवीशी समकक्ष मानली जावी, असे 2020 च्या विनियमांच्या आधारे जाहीर करण्यात आले. त्याच वर्षी एका वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभाही मिळाली. पीएच.डी.च्या 2022 च्या विनियमांनी अंशकालीन संशोधनास मान्यता दिली. त्यासाठी नोकरदाराने आपल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावयाचे असते. संशोधनास पुरेसा वेळ मिळू शकेल आणि गरज पडल्यास अभ्यासकार्यासाठी मोकळीक दिली जाईल, असे त्यात कार्यालयाने म्हणावे लागते. पीएच.डी. मात्र दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येत नाही.

या बदलांचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. 'नियमित' आणि 'दूरस्थ' यांच्यामधील जी भिंत विद्यार्थ्यास पूर्वी भेडसावीत असे, ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांपुरती कायद्याच्या दृष्टीने ढासळली आहे. मान्यता तपासणे अर्थातच आवश्यक आहे. त्या त्या संस्थेला त्या त्या वर्षासाठी त्या विषयाची मान्यता आहे किंवा नाही, हे आयोगाच्या सूचीत पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. परंतु ही तपासणी झाल्यानंतर पदवीवरील शिक्का हा निवडीचा निकष उरत नाही. मग निकष अभ्यासक्रमाच्या बाहेर शोधून चालणार नाही. तो आतच शोधावा लागेल.

तो निकष असा मांडता येईल : विद्यार्थ्याने लिहिलेले कोण वाचतो, आणि वाचून त्यास काय कळवितो? साहित्याचा अभ्यास हा वाचन आणि लेखन यांतून होतो. व्याख्यान त्यास दिशा देते, परंतु एखाद्या कवितेविषयी स्वतःचे विधान करणे, ते आधारासह मांडणे आणि जाणकाराच्या आक्षेपानंतर पुन्हा लिहिणे, या क्रियेवाचून साहित्याचा अभ्यासक घडत नाही. वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षक व्हरांड्यात भेटतो, ग्रंथालयात भेटतो. नोकरदार विद्यार्थ्यास तो केवळ कागदावर भेटू शकतो. म्हणून परत आलेल्या स्वाध्यायाच्या समासातील चार ओळी त्याच्या दृष्टीने अख्ख्या वर्गाइतक्या मोलाच्या असतात. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठ 1969 मध्ये स्थापन झाले आणि 1971 मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी अभ्यासास लागले. त्याच्या दूरचित्रवाणी-व्याख्यानांची चर्चा जगभर झाली. त्याचा खरा कणा मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या लेखनावर शेरे लिहून ते परत करणारा शिक्षक हा होता. मुक्त शिक्षणाची कल्पना भारतात आली, 1985 मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि 1989 मध्ये नाशिकचे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा स्वाध्यायाची कल्पनाही सोबत आली. तिचा गाभा गुणांत नसून शेऱ्यांत आहे, याची आठवण वारंवार करून द्यावी लागते.

हा निकष लावला, म्हणजे नियमित अभ्यासक्रमही आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. नोकरदार विद्यार्थी नियमित म्हणून नाव घालतो, उपस्थिती नोंदवहीत राहते, तो स्वतः परीक्षेच्या दिवशी प्रथम दिसतो, हे दृश्य उच्चशिक्षणाशी संबंध असलेल्या कोणासही अपरिचित नाही. अशा प्रवेशाने महाविद्यालयाची विद्यार्थिसंख्या टिकते आणि विद्यार्थ्याचे वर्ष वाचते. फसवणूक मात्र दोघांचीही होते. त्यापेक्षा आपण दूरस्थ आहोत असे प्रामाणिकपणे सांगणारा आणि चार स्वाध्याय खरोखर वाचून परत करणारा अभ्यासक्रम शैक्षणिक दृष्ट्या वरचढ मानावा लागेल. उलटपक्षी, ज्या महाविद्यालयात रविवारी दोन तास विद्यार्थ्यांचे लेखन घेऊन बसणारा एक प्राध्यापक आहे, ते महाविद्यालय जठारपेठेतून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर दूरच्या मोठ्या नावाची भुरळ पडू देऊ नये.

येथे एक आक्षेप संभवतो. प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत, अनेक ठिकाणी अध्यापन तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या खांद्यावर आहे; त्यांच्याकडून प्रत्येक विद्यार्थ्याचे लेखन वाचण्याची अपेक्षा कशी करावी? आक्षेप रास्त आहे, आणि त्यातच दुखण्याचे निदानही आहे. तासिका तत्त्वावरील शिक्षकास मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे. घरी बसून वीस निबंध वाचण्यास लागलेले तास त्या हिशेबात कोठेच धरले जात नाहीत. म्हणजे व्यवस्था बोलण्याचे मोल करते, वाचण्याचे करीत नाही. मराठीच्या विभागांनी शासनाकडे आणि विद्यापीठाकडे मागणी करावयाची असेल, तर पहिली मागणी लेखनतपासणीचा वेळ कार्यभारात मोजला जावा ही असावी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर स्तरावर संशोधन प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण वा क्षेत्रप्रकल्प आले आहेत. हे प्रकल्प वाचणारा माणूस नेमला नाही, तर मार्गदर्शक पुस्तिकांच्या जोडीला तयार प्रकल्पांचीही बाजारपेठ उभी राहील.

नोकरदार विद्यार्थ्यास अशा प्रकारे वाऱ्यावर सोडल्याने केवळ त्याचे नुकसान होते, असे नाही. मराठीच्या अभ्यासाची हानी त्याहून मोठी आहे. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी 1960 मध्ये प्रसिद्ध झाली आणि वऱ्हाडी बोलीच्या साहित्यिक सामर्थ्याचा एक मानदंड ठरली. कौतिकच्या संसाराची होरपळ अभ्यासक्रमात शिकविली जाते, तेव्हा 'प्रादेशिकता' या शीर्षकाखाली चार मुद्दे सांगितले जातात. आता असे समजावे, की वर्गात एक तलाठी बसला आहे. शेताला 'वावर' आणि बांधाला 'धुरा' म्हणणारी माणसे रोज त्याच्यासमोर उभी असतात. फेरफाराच्या नोंदीतील मराठी आणि धुऱ्यावरील भांडणातील मराठी यांमधील अंतर तो रोज ओलांडतो. शेजारी एक परिचारिका आहे. खेड्यातून आलेली बाई आपले दुखणे ज्या शब्दांत सांगते, ते शब्द कोणत्याही कोशापूर्वी तिच्या कानावर पडतात. बँकेतील स्त्रीने पीककर्जाच्या अर्जापुढे अडखळणारा शेतकरी पाहिलेला असतो. 'धग'मधील संवादांविषयी, त्यांतील आर्जवाविषयी आणि अपमानाविषयी या तिघांना जे सांगता येईल, ते आवारातच वाढलेल्या तरुणास सहसा सुचणार नाही. परंतु त्यांनी ते लिहावे, अशी मागणी कोणी केली पाहिजे. मार्गदर्शक पुस्तिका ती मागणी करीत नाही. ती त्यांच्याकडूनही तेच चार मुद्दे वसूल करते, आणि बोलीचा जिवंत साक्षीदार बोलीची पाठ केलेली व्याख्या लिहून घरी जातो.

दूरदेशी जाणाऱ्या आणि तेथून येणाऱ्या अभ्यासकांची उदाहरणे हाच निकष वेगळ्या दिशेने स्पष्ट करतात. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले. ते 1906 मध्ये अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि 1911 मध्ये पीएच.डी. झाले. त्यांचा अभ्यासविषय होता भारतातील जातिसंस्थेचा इतिहास. प्रश्न त्यांनी येथून नेला होता. तेथे त्यांनी शिस्त मिळविली आणि परत येऊन ज्ञानकोशाच्या कामी ती लावली. उलट दिशेचे उदाहरण ॲन फेल्डहाउस यांचे. अमेरिकन असलेल्या या विदुषीने महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्र गाठला, मराठी आत्मसात केली आणि गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद 'द डीड्स ऑफ गॉड इन रिद्धिपूर' या नावाने 1984 मध्ये प्रसिद्ध केला. वऱ्हाडातील एका गावच्या लीळा इंग्रजी वाचकापर्यंत नेणाऱ्या या अभ्यासासाठी जाणकारांच्या सहवासात बसून मराठी पोथ्या वाचाव्या लागल्या. या दोघांच्या वाटा परस्परविरुद्ध असल्या, तरी क्रम एकच आहे. आधी प्रश्न, मग त्या प्रश्नाचे जाणकार, आणि मग संस्था. परदेशी शिकू पाहणाऱ्या आजच्या वऱ्हाडी तरुणाने क्रमवारीच्या याद्या चाळण्यापूर्वी हा क्रम पाहावा. आणि जठारपेठेतून महाविद्यालयापर्यंतच जाऊ शकणाऱ्या नोकरदारासही तो तितकाच लागू आहे.

तेव्हा प्रवेशापूर्वी त्या बँकेतील स्त्रीने विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत. वर्षात किती लेखनकार्ये करावी लागतात, ती शेऱ्यांसह परत मिळतात काय, आणि मागील वर्षी परत मिळालेला एखादा स्वाध्याय पाहावयास मिळेल काय? प्रकल्पाचे मार्गदर्शन प्रत्यक्ष कोण करणार? ग्रंथालय सायंकाळी वा रविवारी उघडे असते काय, नसल्यास बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या शहरातील जुन्या ग्रंथालयात मूळ पुस्तके मिळू शकतील काय? आजारपण, बदली वा बाळंतपण यांमुळे एक सत्र चुकले, तर परत कोठून सुरुवात करता येईल? या प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळतील, तो अभ्यासक्रम निवडावा, मग त्यावर नियमित, दूरस्थ वा अन्य कोणतेही नाव असो. उत्तरादाखल केवळ 'उपस्थितीची काळजी करू नका' एवढेच आश्वासन मिळाले, तर तेथून परतावे.

विद्यार्थ्याने हे प्रश्न विचारू लागणे, ही विभागांच्या दृष्टीने अडचण नव्हे, संधी होय. सायंकाळचे दोन तास, रविवारचे एक चर्चासत्र, स्वाध्याय परत करण्याची ठरलेली तारीख आणि सुटीच्या दिवशी उघडे ग्रंथालय, एवढ्या गोष्टींसाठी नवे विद्यापीठ उभारावे लागत नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या दर्जाच्या अनुषंगाने केंद्रे, ग्रंथ आणि परिषदा यांची चर्चा होत राहील; ती व्हावीही. परंतु भाषेचे अध्ययन टिकते ते तिच्याविषयी स्वतःहून लिहू पाहणाऱ्या माणसांवर. दिवसभराचे काम आटोपून रात्री अकरा वाजता जो एखाद्या कादंबरीवर चार पाने लिहितो, त्याची इच्छा पदवीच्या गरजेपेक्षा बरीच मोठी असते. ती चार पाने वाचणारे कोणी असावे, एवढीच त्याची मागणी आहे. मराठीच्या विभागास ती पुरविता येत नसेल, तर विद्यार्थिसंख्या घटल्याची त्याची तक्रार ऐकून घेण्याचे कोणासही कारण उरणार नाही.